तेरा नंबरचा शेरा

"आमच्या आठवी ब मध्ये सगळ्यात कमी कोण बोलतं?"

माईकमधून निघालेला आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला, तेव्हा मीच दचकले आणि हे कोण बोललं म्हणून शेजारी बघितलं. शेजारी कुणी नव्हतं. मीच बोलले होते.

प्रश्न मात्र माझा नव्हता. तेजल झेंडे आणि मिसबाह मुल्ला या माझ्या दोन मैत्रिणींनी तो पैजेवर माझ्या गळ्यात मारला होता. सगळ्या शाळेसमोर माईक धरून मी एक अख्खं वाक्य बोलले, तर तेजल आठवडाभर माझं दप्तर वाहणार होती. नाही बोलले, तर मिसबाहचे भूगोलाचे सगळे नकाशे मी काढायचे. आणि प्रश्नही दोघींनी मुद्दाम असा निवडला होता, की ज्याचं उत्तर शेवटच्या बाकावरच्या पोरालाही पाठ होतं. आठवी ब मध्ये सगळ्यात कमी मीच बोलायचे. म्हणजे मला शोधून काढायला मीच सांगत होते.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मी दहावीत आहे आणि तासाला निदान दोनदा "चोथे, गप्प बस" असं ऐकते. ऐकलं की बरं वाटतं. तेव्हाचं वेगळं होतं.

पाचवीच्या निकालपत्रावर 'वर्णनात्मक नोंद' नावाची एक चौकट असते, तिच्यात माझ्याबद्दल लिहून आलं होतं: 'अबोल. समूहात बोलताना संकोच. चित्रकलेत विशेष गती, उत्तेजन द्यावे.' माझ्या पप्पांचं विट्यात फ्लेक्सचं दुकान आहे, आणि छापून आलेल्या अक्षरावर त्यांचा फार विश्वास. उत्तेजन द्यावे म्हटलंय तर दिलंच पाहिजे. त्याच संध्याकाळी त्यांनी मला ड्रॉइंगच्या क्लासला घातलं. पुढची तीन वर्षं मी रोज दोन तास चित्रं काढली. माझी गाय टेबलासारखी यायची आणि टेबल काढलं की त्याला बघून वाटायचं, हे आता हंबरणार. महाराष्ट्राचा नकाशा काढला तर कोकण समुद्रात निम्म्यापर्यंत जायचं. क्लासचे सर लांबून डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "शैली आहे." पप्पा ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे.

आणि घरी कुणी पाहुणे आले की मम्मी दारातच सांगून टाकायची, "आमची ईशू अबोल आहे हां, मनावर घेऊ नका." मी आतल्या खोलीतून ऐकायचे आणि आतच बसायचे.

त्या फेब्रुवारीत हे सगळं हाताबाहेर गेलं. पप्पांनी ठरवलं, की नववीपासून मला कोल्हापूरला आत्याकडं ठेवायचं. शाळा तिथलीच, आणि संध्याकाळी एका मोठ्या चित्रकारांकडं शिकायचं. सोमवारी ते शाळेत माझ्या दाखल्यासाठी अर्ज देणार होते. अर्ज लिहून, सही करून शोकेसमध्ये ठेवलेला होता. मला जायचं नव्हतं. विटा सोडायचं नव्हतं, या दोघी बावळटांना सोडायचं नव्हतं, आणि गाय तर मुळीच काढायची नव्हती. पण मला कुणी विचारलं नाही. "तिचं सगळं आतल्या आत असतं," असं पप्पा फोनवर आत्याला सांगत होते, तेव्हा मी त्यांच्या समोर बसून जेवत होते.

तर त्या शनिवारी सभागृहात कार्यक्रम होता. त्याला कारण वाळवी. आदल्या वर्षी वाळवीनं शाळेच्या ऑफिसातली पाच वर्षांची रजिस्टरं खाल्ली होती. ते कळल्यावर विनयदादा नावाचा एक माजी विद्यार्थी, जो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो म्हणाला, शाळेचा कागद न् कागद स्कॅन करून क्लाउडवर ठेवू, आणि विचारलं की सांगणारा एक एआय एजंट बसवून देतो. स्कॅनिंगचं काम आमचे शिपाई दगडूमामा यांच्याकडं आलं. दिवाळीच्या सुट्टीपासून ते स्कॅन करत होते. काय स्कॅन करायचं हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून कपाटात जे जे हाताला लागलं ते ते त्यांनी केलं. त्यात गॅस सिलिंडरच्या पावत्या होत्या आणि एका मॅडमनी लिहून ठेवलेली स्वेटरची वीणही होती.

"दोघं असतात यात," विनयदादा स्टेजवरून समजावून सांगत होता. "एक बोलणारा आणि एक शोधणारा. बोलणाऱ्याला, म्हणजे एजंटला, आपल्या शाळेतलं काहीच माहीत नाही. तुम्ही विचारलं की तो शोधणाऱ्याला पिटाळतो. शोधणारा हजारो फायलींमधून बरोब्बर हवं ते पान घेऊन येतो. मग बोलणारा ते वाचून तुम्हाला उत्तर देतो."

"म्हणजे मी आणि दगडूमामा," आमचे मुख्याध्यापक यादव सर म्हणाले. सगळी हसली. दगडूमामा हसले नाहीत. ते म्हणाले, "बराबर हाय."

"आणि हा शोधणारा नुसता शब्दाला शब्द जुळवत नाही," विनयदादा म्हणाला. "अर्थ बघतो. तुम्ही 'खट्याळ' विचारलं आणि कागदावर 'खोडकर' लिहिलेलं असलं, तरी त्याला सापडतं. सर, पहिला प्रश्न तुमचा."

यादव सर याच शाळेत शिकलेले. त्यांनी ऐटीत विचारलं, "एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली शाळेत बाकं किती होती?"

स्पीकरमधून शांत आवाज आला, "एकशे बारा. त्यांपैकी एक मोडके. नोंद अशी, की विद्यार्थी शं. बा. यादव याने बाकावर उभे राहून उडी मारली. भरपाई म्हणून पालकांकडून फळी घेतली."

सभागृह जे हसायला लागलं ते थांबेना. सर म्हणाले, "यंत्र चांगलं आहे," आणि खाली बसले. मग विनयदादानं विचारलं, की मुलांपैकी कुणाला प्रश्न आहे का. तेजलनं माझ्या कोपराला धरून माझा हात वर केला आणि मिसबाहनं मला मागून ढकललं. असा तो प्रश्न विचारला गेला.

एजंटनं दोन क्षण घेतले.

"आठवी ब मधील विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. पाचवीच्या निकालपत्रात हजेरी क्रमांक तेरा, ईश्वरी चोथे, यांच्या नावापुढे 'अबोल' असा शेरा आहे."

सगळा वर्ग माझ्याकडं बघून हसला. तेजलनं टाळ्या वाजवल्या. पैज जिंकलीच होती, मी माईक परत करायला वळले.

"मात्र," आवाज पुढं म्हणाला, "त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका वहीत याच्या अगदी उलट नोंद आढळते. वाचून दाखवू का?"

विनयदादा खूश झाला. यंत्राची हुशारी दाखवायला असा मोका कुठं मिळणार. त्यानं बटण दाबलं.

पडद्यावर एक पान आलं. गोल गोल, टपोरं अक्षर. ते कुणाचं हे शाळेतल्या प्रत्येकाला कळलं, कारण फळ्यावर रोजचा सुविचार त्याच अक्षरात असतो. पाचवीला आमच्या वर्गशिक्षिका असलेल्या खोबरे मॅडमची ती खासगी वही होती. कपाटात राहिलेली. दगडूमामांच्या हाताला लागलेली.

स्पीकर वाचू लागला:

"चोथे ईश्वरी. तोंड क्षणभर मिटत नाही. तीन वेळा जागा बदलली. चौथ्यांदा भिंतीकडेला बसवली, तर भिंतीशी बोलते. वक्तृत्वात घालणे.

"जंगम नागेश. विचारले तर मान हलवतो. संपूर्ण जूनमध्ये दोन शब्द. वहीच्या मागे बैल काढलेत, चालू लागतील असे. उत्तेजन द्यावे.

"झेंडे तेजल. बाकावर ठरत नाही. पळायला लागली की हाती लागत नाही. खो-खोत घालणे."

तेजलच्या टाळ्या थांबल्या. तिच्या निकालपत्रावर 'गणितात असामान्य गती' असं आलं होतं. त्यापायी ती बिचारी तीन वर्षं सकाळी सहाला उठून शिष्यवृत्तीच्या जादा तासाला जात होती आणि तिथं पहिल्या पाच मिनिटांत झोपत होती.

"थांबव रे ते," यादव सर हळूच म्हणाले.

पण विनयदादाला उत्सुकता आवरेना. त्यानं यंत्रालाच विचारलं, "दोन्हींत फरक का आहे?"

"ऑफिसला दिलेली शेऱ्यांची यादी वेगळी आहे, ती अठ्ठावीस जूनची आहे आणि ती फक्त हजेरी क्रमांकानुसार आहे. दहा जुलैला हजेरीपटावर अकराव्या क्रमांकावर 'गुरव श्रेया' हे नवे नाव घातलेले दिसते. त्यामुळे पुढच्या सर्वांचे क्रमांक एकाने वाढले. शेरे मात्र जुन्याच क्रमांकांवर राहिले असावेत."

हे कळायला मला थोडा वेळ लागला, नागेश जंगमला त्याहून कमी. खरं म्हणजे वर्षाच्या मध्ये कुणी नवीन आलं, की त्याचं नाव पटावर सगळ्यात शेवटी जातं. सगळ्या शाळांत तसंच करतात. पण खोबरे मॅडमना वर्णानुक्रम मोडलेला बघवत नाही. सहलीला बसमध्येसुद्धा त्या आम्हाला आडनावाच्या क्रमानं बसवायच्या. श्रेया गुरव आली तेव्हा त्यांनी सगळा पट नव्यानं लिहून तिला 'ग'च्या जागी नेऊन बसवलं. आणि वर्षाचे सगळ्यांचे शेरे त्यांनी जूनमध्येच लिहून टाकलेले होते, एकदाची कटकट नको म्हणून. ऑफिसनं नंबर बघून शेरे छापले. मी बारा नंबरची तेरा झाले होते. तेरावा शेरा नागेशचा होता, तो मला आला.

नागेशला तेजलचा आला. म्हणून तर तो खो-खोत होता. नागेश म्हणजे आमच्या वर्गातला सगळ्यात जाडजूड आणि सगळ्यात सावकाश मुलगा. तीन वर्षं प्रत्येक सामन्यात तो आत यायचा, एकदा प्रेमानं इकडंतिकडं बघायचा आणि बाद व्हायचा. आणि माझा शेरा गेला होता माझ्या आधीच्या नंबरला, सोहम घाडगेला. दरवर्षी वक्तृत्व स्पर्धेत स्टेजच्या पायरीवर उलटी करणारा सोहम घाडगे. त्याच्या आईला वाटायचं, त्याच्या पोटात दोष आहे.

आता चाळीस हात वर गेले होते. "माझा सांगा", "माझा वाचा", "सर, माझा कुणाकडं गेलाय?" सगळ्यात शेवटचा नंबर होनमान्यांच्या अथर्वचा. त्याला शेराच नव्हता, चौकट कोरी आली होती, आणि मुलगा संपूर्ण निर्दोष आहे म्हणून त्याच्या वडिलांनी गल्लीत पेढे वाटले होते. तो मात्र हात वर न करता खाली बघून बसला. यादव सरांनी परिस्थिती ओळखली, स्टेजच्या मध्यभागी गेले आणि कार्यक्रमपत्रिकेत अजून चार भाषणं बाकी असताना सरळ राष्ट्रगीत सुरू केलं. सगळी शाळा जागच्या जागी ताठ उभी राहिली.

तेव्हाच मला पप्पा दिसले. कार्यक्रमाचा फ्लेक्स त्यांच्याच दुकानातून आला होता. त्याचा एक कोपरा सुटला म्हणून ते भिंतीकडेला सुतळीचा गुंडा घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते माझ्याकडं बघतच नव्हते, नागेशकडं बघत होते. राष्ट्रगीत संपलं आणि मी गर्दीतून पुढं जाईपर्यंत ते निघून गेले होते.

बाहेर व्हरांड्यात नागेशनं मला गाठलं.

"तू माझं घेऊन बसलीस की," तो म्हणाला. त्याच्याकडून ऐकलेलं हे माझं पहिलं पूर्ण वाक्य.

"मला काय माहीत होतं काय?"

त्यानं विचारलं, "बैल कसा काढतीस?"

"टेबलासारखा."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "कुठल्या टेबलासारखा?" आणि मी इतकी हसले, की मिसबाह धावत आली, मला काही झालं का बघायला. तिनं मला तसं हसताना बघितलंच नव्हतं. ती आमच्या शाळेत सहावीत आली, त्यामुळं तिची ईश्वरी अबोलच होती.

"म्हणजे तू आधी बोलायचीस?" तिनं विचारलं.

"भिंतीशीसुद्धा," तेजल म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं. ती मैदानाकडं बघत उभी होती, आणि मी तिला विचारायच्या आत ती चपला काढून पळत सुटली. नुसतीच, एकटी, मैदानाला गोल.

तेवढ्यात दगडूमामा आले. "चोथे, खोबरे मॅडमनी स्टाफरूमला बोलवलंय."

मॅडम एकट्याच बसल्या होत्या. समोर बिस्किटांची बशी. त्यांनी ती माझ्याकडं सरकवली. मी घेतलं नाही, तर त्यांनी एक बिस्किट स्वतः घेतलं आणि न खाता हातात धरून ठेवलं.

"तुला राग आला असेल," त्या म्हणाल्या.

"मॅडम, चूक झाली तुमची. सगळ्यांची होते." मला खरंच तसं वाटत होतं.

"नाही गं," मॅडम म्हणाल्या. "चूक ऑफिसात झाली. आणि मला ती निकालाच्या दुसऱ्याच दिवशी कळली होती."

मी बशी परत त्यांच्याकडं सरकवली.

"मी दुरुस्त करणारच होते. पण तोपर्यंत निकालपत्रं घरोघर गेली होती. त्रेचाळीस कार्डं परत मागवायची म्हणजे सर काय म्हणतील, पालक काय म्हणतील. म्हटलं, जूनमध्ये गुपचूप बदलू. सहावीलाही तुमचा वर्ग माझ्याकडंच आला. आणि जूनमध्ये तू वर्गात आलीस ती एकदम शांत. पहिल्या बाकावर हाताची घडी घालून." त्यांनी बिस्किट बशीत परत ठेवलं. "ईश्वरी, तुमच्या वर्गावर मला पहिल्यांदाच एक अख्खं उदाहरण फळ्यावर शेवटपर्यंत सोडवता आलं. आठवडाभर वाटलं, आज दुरुस्त करू, उद्या करू. मग वाटलं, राहू दे."

बाहेर तेजलच्या तिसऱ्या फेरीला कुणीतरी शिट्टी मारली.

"वर्ग किती छान चालला होता गं तेव्हा," मॅडम म्हणाल्या, आणि हे आपण कुणाला सांगतोय ते कळून गप्प झाल्या.

"मग मॅडम, खरं ते वहीतलं?"

"वहीतलं खरंच आहे की. तुला वक्तृत्वात घालते बघ यंदा. सोहमला सोडवते."

"तुम्ही ते कधी लिहिलं होतं?"

"जूनमध्ये. अठ्ठावीस तारखेला."

"म्हणजे शाळा सुरू होऊन किती दिवस झाले होते?"

मॅडमनी बोटांवर मोजलं. "दहाबारा," त्या म्हणाल्या. "रविवार धरून."

मी घरी न जाता सरळ दुकानात गेले. पप्पांच्या दुकानात मम्मी कॉम्प्युटरवर बसून फ्लेक्सचा मजकूर टाइप करते आणि पप्पा मागं छापून, कापून, कडांना दोरी ओवायचे डोळे ठोकतात. मी आत गेले तेव्हा दोघं बोलत होते आणि मला बघून गप्प झाले. आमच्या घरी गप्प होण्याचं काम माझं होतं, त्यामुळं मला विचित्रच वाटलं.

"आलीस होय," पप्पा म्हणाले. "हे बघ ईशू, यंत्राच्या बोलण्यावर जायचं नाही. त्याला काय कळतंय. तुझा हात चांगला आहे. सर म्हणतात, शैली आहे."

"पप्पा, ती गाय आहे असं तुम्ही शेवटचं कधी ओळखलंय?"

पप्पा फ्लेक्स गुंडाळायला लागले.

"आणि तू काय आजची अबोल नाहीस," मम्मी कीबोर्डवरून नजर न हलवता म्हणाली. "पाळण्यात असल्यापासून. रडायची सुद्धा नाहीस. निकालपत्रावर आलं ते काय त्यांनी मनानं लिहिलं? घरात दिसत होतं आम्हाला."

"मम्मी, चौथीच्या गॅदरिंगला निवेदन कुणी केलं?"

"तूच केलंस."

"मधेच लाइट गेली. मग?"

"मग तू..." मम्मीची बोटं थांबली. "मग तू माईक नसताना तशीच बोलत राहिलीस. लाइट येईपर्यंत. पंचवीस मिनिटं. यांच्या त्या मावशीची नक्कल केलीस सगळ्या गावासमोर. मावशी पहिल्या रांगेत होत्या." तिला हसू यायला लागलं, आणि मधेच ते थांबलं. तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली. "मग तू गप्प कधी झालीस गं?"

"निकाल आल्यावर."

"का?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत सुटला होता, आमची अबोल आहे म्हणून. मी बोलले असते तर तुम्ही खोटं पडला असता."

दुकानात एक माणूस येऊन उभा होता, त्याला वाढदिवसाचा फ्लेक्स हवा होता. पप्पांनी त्याला हातानंच थांबा म्हणून सांगितलं. गिऱ्हाइकाला थांबवताना मी पप्पांना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"पण कागदावर होतं ना," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "शाळेनं छापून दिलेलं."

"पप्पा, काल तुम्ही त्या पिंटूशेठचा बोर्ड छापला. वर काय लिहिलं?"

"धडाडीचे युवा नेतृत्व."

"तसं लिहायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. यादी असते आपल्याकडं. मागच्याला 'कार्यसम्राट' गेलं होतं, मग याला पुढचं..." पप्पा बोलता बोलता थांबले. वाढदिवसाचं गिऱ्हाईक म्हणालं, "मला 'कार्यसम्राट' चालेल," आणि मम्मी त्याला म्हणाली, "दादा, जरा बाहेर चहा घेऊन या."

तो गेला. पप्पांनी काऊंटरवरची कात्री उचलली, जागेवर ठेवली, परत उचलली. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. मी ओळखते तो चेहरा. निकालपत्र हातात आल्यावर अगदी तसाच झाला होता.

"बरं," ते म्हणाले. "चित्रकला नाही तर नाही. झालं गेलं. तुझं खरं कशात आहे ते तर आता कळलं. मॅडमच्या वहीतच आहे. वक्तृत्व." त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "कराडला एक सर आहेत, भाषणाचे. त्यांच्या पोरी राज्यात नंबर काढतात. तुझी मावशी आहे कराडला, राहायचा प्रश्न नाही. थांब, आत्ताच लावतो. सोमवारच्या अर्जावर नुसतं गावाचं नाव बदलायचं."

"लावा लावा," मम्मी म्हणाली. "ताईला पण विचारते मी."

दोघांनी एकदम फोन कानाला लावले. मी शाळेतून येताना वाटेत जे जुळवत आले होते, ते काही फार मोठं नव्हतं. मॅडमनी बोटांवर मोजलेले ते दहाबारा दिवस तेवढे डोक्यात होते, रविवार धरून. मी काऊंटरच्या आत गेले, पप्पांच्या हातातला फोन काढून घेतला आणि बंद केला, मग मम्मीचा. दोन्ही फोन फ्लेक्सच्या गुंडाळीवर ठेवले.

"मी कोल्हापूरला जाणार नाही," मी म्हणाले, "आणि कराडला पण नाही. नववी इथंच, याच शाळेत. ड्रॉइंगचा क्लास आजपासून बंद आणि भाषणाचा लावायचा नाही. संध्याकाळी दोन तास मोकळे मिळतील, त्यात मला काय आवडतंय ते मी एकेक करून बघणार आहे, आणि सापडलं की मीच येऊन सांगीन. वेळ लागेल. आणि तोपर्यंत घरी कुणी विचारलं, तुमची ईशू कशी आहे, तर तुम्ही काही सांगायचं नाही. मला हाक मारायची."